एकोणचाळीस मिनिटं

मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर जाणाऱ्यातली मी नव्हे. पण भाचीने पेपरात वाचलं होतं की आज मुंबईत शून्य सावली, बारा पस्तीसला. आणि सोबतीला तिला मावशीच हवी होती. तिने गच्चीच्या मधोमध चहापत्तीचा गोल डबा ठेवला आणि आम्ही दोघी डोक्यावर ओढण्या घेऊन त्याच्याकडे बघत बसलो. सावली बारीक होत होत डब्याच्या बुडात शिरली आणि गेली. टाळ्या वगैरे झाल्या. मग बाईसाहेबांना शंका आली.

"सूर्य डोक्यावर बारा वाजता येतो ना? मग पस्तीस मिनिटं लेट का?"

"मुंबईचा आहे. लोकल चुकली असेल," मी म्हटलं आणि खाली सटकले.

खरं उत्तर मला आजोबांमुळे लहानपणापासून ठाऊक होतं. आपल्या मनगटावरची वेळ मुंबईची नाहीच. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताची. एक अंश पश्चिमेला सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात, तिथून आपल्यापर्यंत यायला सरासरी एकोणचाळीस. (मे महिन्यात त्यातली चारेक तो भरून काढतो, फेब्रुवारीत अजून रेंगाळतो. ते गणित आजोबाही नीट सांगू शकले नव्हते.)

मुंबई बघायला येणारे राजाबाई टॉवरखाली मान वर करून फोटो काढतात. गाइड त्यांना प्रेमचंद रायचंदांच्या आईची गोष्ट सांगतो. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना टोले ऐकून सूर्यास्ताआधी जेवता यावं, म्हणून म्हणे मुलाने मनोऱ्याला पैसे दिले. गोष्ट गोडच आहे. पण 1878 साली पुऱ्या झालेल्या त्या मनोऱ्यावरचं घड्याळ सरकारशी भांडलं होतं, हे कोणी सांगत नाही. तेव्हा रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची, म्हणजे मुंबईच्या अर्धा तास पुढे. सरकारचं म्हणणं, घड्याळाने मद्रासची वेळ दाखवली तरच रात्रीच्या दिव्यांचा खर्च देऊ. विद्यापीठाने मुंबईची वेळ सोडली नाही.

1906 च्या जानेवारीत सगळ्या देशाला एकच वेळ लागू झाली. मुंबईचे काटे एकोणचाळीस मिनिटं पुढे. गिरणीतलं घड्याळ असं सरकवलेलं बघून कामगार बिथरले आणि कामावर जाईनात. बरोबरच आहे. आधीच अंधारात उठणाऱ्या माणसाची दीड घटका झोप कोण कुठला साहेब कागदावर काढून घेतो? महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी कायदेशीर बाजू लढवली: लोकांना विश्वासात घेतलं नाही, तेव्हा आम्ही बदलणार नाही. आणि नाहीच बदललं. पुढची चाळीसहून जास्त वर्षं एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. स्वातंत्र्य आलं तरी 'मुंबई टाइम' लगेच गेला नाही.

आमच्या गिरगावातल्या घरी तो त्याहूनही जास्त टिकला, निदान आजोबांच्या बोलण्यात. ट्रंकेत त्यांच्या लग्नाची पिवळी पडलेली पत्रिका होती, तिच्यात मुहूर्तापुढे 'मुं. टा.' छापलेलं. आत्याबाईंच्या सासरची माणसं दुसऱ्या टाइमाने निघाली आणि अक्षता पडल्यावर पोचली, हा किस्सा दर दिवाळीला व्हायचा. "लढाईत तर ब्रिटिशांनी काटे आणखी एक तास पुढे ढकलले," आजोबा सांगायचे, "म्हणजे आम्ही उठायचो एका टाइमाने, गाडी दुसऱ्या, आणि भूक लागायची आपल्या."

असा माणूस भिंतीवरचं चावीचं घड्याळ स्वतः दहा मिनिटं पुढे ठेवायचा. का, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही घरी एक असेल. दर रविवारी स्टुलावर चढून, काचेचं दार उघडून, अकरा वेळा चावी. बारावी दिली तर स्प्रिंग जाते, असा त्यांचा ठाम समज. आणि सगळं घर त्या घड्याळाकडे बघून मनातल्या मनात दहा वजा करायचं. काका तर बारा वजा करायचा आणि आठ तेराची हमखास चुकवायचा.

आजी त्याच्याकडे बघायचीच नाही. तिचं घड्याळ गॅलरीत होतं. सकाळी ऊन पार उंबऱ्यापर्यंत आत यायचं, मग एकेक फरशी सोडत कठड्याकडे मागे जायचं. तिसरी फरशी सुटली की भाताचं आधण. शेवटची सुटली की पानं. त्या वेळी भिंतीवर किती वाजलेले असत, कोण जाणे. पण सूर्य डोक्यावर आणि ताट समोर, हे एकाच वेळी व्हायचं. मी अजून ऑफिसात बाराला डबा उघडू शकत नाही. पावणेएक लागतोच.

भाचीला हे सगळं सांगायला हवं होतं. पण सांगता सांगता मी आजोबा गेले त्या सकाळपर्यंत पोचले असते.

ते घरीच गेले, झोपेत. गुरुजींनी विचारलं, नक्की वेळ काय? तिथी सकाळीच बदलत होती, श्राद्ध कुठल्या तिथीला धरायचं ते वेळेवर ठरणार होतं. आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. सात वाजून चार मिनिटं. काका म्हणाला, मी उठलो तेव्हा सात वाजत होते. यातले दहा वजा केलेले की नाही, त्याला आठवेना. बाबांनाही सांगता येईना. आयुष्यभर न चुकलेली वजाबाकी त्या दिवशी कुणालाच जमेना.

आजी त्यांच्या उशाशी बसली होती. मान न वळवता म्हणाली, "ऊन उंबऱ्यावर होतं. फरशीवर उतरायचं होतं अजून."

गुरुजींनी तेवढ्यावरून तिथी लिहून घेतली.