पेटी आधी उलटी करून बघा

मी सिगार ओढत नाही. मी तिकिटं जमवते, आणि सिगारच्या पेट्यांकडे त्याच वाटेने आले. मामा जहाजावर इंजिनीअर होते. हवानाहून आणलेली पार्तागास या क्यूबन सिगारची एक रिकामी पेटी त्यांनी मला बटणं ठेवायला दिली, तेव्हा मी शाळेत होते. बटणं कधीच गेली दुसऱ्या डब्यात. पेटी मात्र अजून माझ्या टेबलावर आहे, कारण तिच्या डाव्या बाजूला झाकणावरून खाली उतरणारी हिरवी-पांढरी पट्टी आहे. नोटेसारखी बारीक नक्षी, क्यूबाचं राजचिन्ह आणि एकच मजकूर चार भाषांत: स्पॅनिश, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन. हवानाहून निर्यात होणाऱ्या सिगारना क्यूबा सरकारची हमी, असा तो मजकूर.

ही हमीपट्टी 1912च्या कायद्याने आली. माझ्या पेटीवर आहे तो नमुना 1931चा, आणि तो जवळजवळ सत्तर वर्षं चालला. 1999 साली तिच्यावर लाल रंगात क्रमांक आला. 2010च्या सुमारास पट्टीच बदलली. नव्या पट्टीवर होलोग्राम असतो आणि प्रत्येक पेटीचा स्वतःचा बारकोड. तो क्रमांक आबानोस या क्यूबन सिगार विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो.

लोक इथेच थांबतात. पट्टी आहे, होलोग्राम चमकतोय, म्हणजे माल खरा! मला विचाराल तर पट्टी शेवटी बघावी. आधी पेटी उलटी करा.

तळाला दोन प्रकारच्या खुणा असतात, त्यांची गल्लत करू नये. एक डागलेली, म्हणजे तापलेल्या ठशाने लाकडात उमटवलेली. तिच्यावरून बोट फिरवलं की खळगा लागतो. ‘एचो एन कूबा’, म्हणजे क्यूबात बनवलेलं, हे शब्द 1961पासूनचे. त्याआधी तिथे इंग्रजी मजकूर असे. ‘तोतालमेंते आ मानो’, म्हणजे पूर्णपणे हाताने, हे 1989 साली आलं. यातला ‘पूर्णपणे’ महत्त्वाचा, कारण आतून यंत्राने भरलेल्या आणि वरून हाताने पुऱ्या केलेल्या सिगारही क्यूबात होत असत. आणि ‘आबानोस एस. ए.’ हे नाव 1994च्या आधीच्या पेटीवर असूच शकत नाही, कारण कंपनीच त्या वर्षी सुरू झाली. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यावरची ‘आबानोस’ लिहिलेली तिरकी पट्टीही त्याच वर्षीची.

दुसरी खूण शाईच्या शिक्क्याची: कारखाना आणि तारीख. माझा जीव यात गुंततो. मामांच्या पेटीखाली वर एफ-पी-जी आणि खाली ओ-ए-एस-एल अशी अक्षरं आहेत. कित्येक वर्षं मला त्यांचा अर्थ लागला नव्हता. मग कळलं की 1985पासून तारखा ‘निवेल आकुसो’ या दोन स्पॅनिश शब्दांवरून लिहीत. त्यांत मिळून दहा अक्षरं, एकही दुसऱ्यांदा येत नाही. एन म्हणजे 1, आय म्हणजे 2, व्ही 3, ई 4, एल 5, ए 6, सी 7, यू 8, एस 9 आणि ओ म्हणजे 0. आता वाचा: 0, 6, 9, 5. जून 1995. एफ-पी-जी म्हणजे फ्रान्सिस्को पेरेझ हेर्मान, क्रांतीनंतर पार्तागासच्या कारखान्याला दिलेलं नाव. हवानात कापितोलिओ या संसदभवनाच्या मागे जी जुनी इमारत आहे, तिथेच तेव्हा हा कारखाना होता. ज्या रात्री हे उलगडलं त्या रात्री मला झोप आली नाही. मामा तेव्हा नव्हते, नाहीतर लगेच फोन केला असता.

2000पासून तारीख सरळ लिहितात. महिन्याची स्पॅनिश नावाची पहिली तीन अक्षरं आणि वर्षाचे दोन आकडे. जानेवारी ‘एनेरो’ म्हणून ई-एन-ई, ऑगस्ट ‘आगोस्तो’ म्हणून ए-जी-ओ. कारखान्याची अक्षरं मात्र उलट गूढ झाली, तीन अक्षरी आणि वरचेवर बदलणारी.

2017 साली मी हवानाला गेले. रस्त्यात एका माणसाने गाठलं. त्याचा चुलतभाऊ कारखान्यात, आज कामगारांच्या सहकारी दुकानात सवलतीचा शेवटचा दिवस, वगैरे. त्याच्या मागून दोन जिने चढून मी कोइबा सिगारची एक पेटी घेतली. पट्टी झकास, होलोग्राम झकास. खोलीवर येऊन उलटी केली तर तळाची अक्षरं गुळगुळीत, नुसती छापलेली. तारीख जानेवारी 2015, आणि कारखाना ई-एल, म्हणजे एल लागितो या कोइबाच्या कारखान्याची जुनी दोन अक्षरी खूण, जी तोवर कधीच मागे पडली होती. बारकोडही संकेतस्थळावर सापडला नाही. मला पैशांपेक्षा याचं वाईट वाटलं की इतक्या वर्षांचा अभ्यास असून जिन्यावरच्या त्या खोलीत मी पेटी उलटी केली नाही.

म्हणून एकेक खूण तपासत बसू नका, खुणांची आपापसांत साक्ष लावा. लाल क्रमांकाची पट्टी आणि खाली 1992ची तारीख, असं दिसलं की पेटी खोटी, काम तमाम. उलट शिक्का तिरका आहे, शाई फिकी आहे, एवढ्यावरून पेटी खोटी म्हणू नये. खऱ्या पेट्यांवर तो असा कित्येकदा असतो. काचेच्या झाकणाची पेटी दिसली तर तळ बघायचीही गरज नाही. तशा पेट्या क्यूबातले कारखाने बनवतच नाहीत.

एक मात्र खरं, शिक्के पेटीचे असतात, आतल्या सिगारचे नव्हेत. खऱ्या रिकाम्या पेट्या विकत घेऊन त्यांत भलताच माल भरणारे आहेत. मी जमवलेल्यांपैकी जादा पेट्या लोकांना देते, पण देण्याआधी पट्टीवरचा बारकोड ब्लेडने खरवडून काढते. हात थरथरतो, तिकिटं जमवणारीचाच हात तो. तरी खरवडते.