जगाच्या कडेला, पोवळ्यांच्या खाणीत

२ नोव्हेंबर हा मेक्सिकोत मृतांचा दिवस. १९९८ साली लुकासआर्ट्सने काढलेल्या 'ग्रिम फँडँगो' या संगणकीय साहस-गेममध्ये मृत आत्म्यांचा चार वर्षांचा प्रवास दर वर्षी याच तारखेपासून पुढे सरकतो. पुण्यात या सुमारास मार्केट यार्डात झेंडूचे ढीग लागतात. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपण तो तोरणात गुंफतो. या गेमच्या मृतलोकात मात्र अंगावर फुलं उगवणं म्हणजे दुसरं मरण. एवढं लक्षात ठेवून आम्ही तिसऱ्या वर्षाच्या मुक्कामाला निघालो.

वाट समुद्राच्या तळातून जाते. जहाजाच्या इंजिनखोलीत दोन्ही बाजूंचे नांगर वापरून जहाजच दुभंगायचं, की गेमचा नायक, सांगाडा मॅनी आणि त्याचा गाडीचालक सोबती ग्लॉटिस तळाशी. सांगाड्याला श्वास लागत नाही, त्यामुळे घाईही नाही. तिथे अंधारात चालत राहिलेला चेपिटो भेटतो. त्याला सोडून पुढे पळू नका, त्याच्याशी बोला.

मग येते खाण. पोवळी वाहून नेणारा पट्टा, क्रेन, दगड भरडणारं यंत्र आणि राबणारी माणसं. इथे थांबून विचार करावा असं आम्हाला मनापासून वाटतं. चांगलं जगलेल्या आत्म्याला 'नंबर नाइन' गाडीचं तिकीट मिळतं आणि चार वर्षांची पायपीट चार मिनिटांत संपते. या लोकांची तिकिटं गुंडांचा म्होरक्या हेक्टर आणि मॅनीचा कचेरीतला प्रतिस्पर्धी डॉमिनो हर्ली यांनी लाटली, म्हणून ते इथे अडकलेत. पग्सी आणि बीबी तर लहान मुलं आहेत. डॉमिनो मॅनीला स्वतःची जागा देऊ करतो: जिला तू शोधतोयस त्या मेचेसोबत इथेच राहा, अंगावर फुलं उगवण्याचा धोका नको. पैशापेक्षा कितीतरी घातक लालूच आहे ही, कारण तिच्यात थोडं खरंही आहे.

आता चालवण्याबद्दल. मूळ आवृत्तीत माउसचा बाण नाही. मॅनी कशाकडे मान वळवतो त्यावरून वस्तू ओळखायची. खाणीत बहुतेक जण इथेच चुकतात. धावत गेलं की मान वळलेली दिसतच नाही. शिफ्टवरचं बोट काढून सावकाश चाला. ई दाबून निरखा, पी दाबून उचला, यू दाबून वापरा.

जुना रणगाडा-पद्धतीचा कंट्रोल (डावी-उजवी कळ मॅनीला वळवते, वरची कळ तो ज्या दिशेला तोंड करून आहे तिकडे चालवते) अनेकांना नकोसा वाटतो. पण २०१५च्या रीमास्टरमधल्या कॅमेऱ्यानुसार चालणाऱ्या पर्यायात दृश्य बदललं की दिशाही बदलते आणि मॅनी दारातून उलटा परत येतो. चिंचोळ्या जागी आम्ही जुनाच कंट्रोल लावतो. चित्र ४:३ ठेवा. पार्श्वभूमीची चित्रं त्याच मापाने काढलेली आहेत, रुंद पडद्यावर ताणली की माणसं बुटकी दिसतात. आणि आपोआप सेव्ह होईल या भरवशावर राहू नका. प्रत्येक कोडं सुटलं की नव्या जागी सेव्ह करा, जुनं पुसू नका.

जुन्या दोन सीडी असतील तर स्कमव्हीएम, म्हणजे जुने गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम, वापरा. दोन्ही डिस्कवरच्या लॅब फाइली (.LAB नावाच्या, गेमचा मजकूर साठवणाऱ्या) एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि १.०१ची अपडेट फाइलही तिथेच टाका, नाहीतर गेम सुरूच होत नाही. आजच्या वेगवान प्रोसेसरवर मूळ प्रोग्राम तसाच चालवला, तर दुसऱ्या वर्षातल्या लिफ्ट आणि फोर्कलिफ्टच्या कोड्याची वेळ जुळत नाही, आणि खाणीपर्यंत पोचणंच अडतं.

शेवटी डॉमिनो भरड यंत्रात जातो. तोवर पग्सी, बीबी आणि चेपिटो, तिघांशीही बोलून झालेलं असू द्या.