राखोबा: एका खलनायकाचे बारसे

माझ्या कादंबरीतला देश कल्पित असला, तरी त्याचा भूगोल मी सह्याद्रीवरून घेतला आहे. वर घाटमाथा, खाली पावसाने चिंब झालेली खलाटी आणि मध्ये उतरणाऱ्या अरुंद वाटा. घाटमाथ्यावर राहणाऱ्या एका माणसाला मरण येत नाही आणि त्याचे न मरणे चालू राहावे म्हणून खालच्या गावांतली माणसे वेळेआधी म्हातारी होत जातात, एवढे कथेचे बीज मनात पक्के होते. नायिका ठरली होती, तिचे गाव ठरले होते आणि शेवटही साधारण दिसत होता. फक्त त्या वरच्या माणसाला नाव नव्हते. खर्ड्यात मी त्याच्या जागी नुसती फुली मारत असे आणि सात महिने त्या फुलीने मला पुढे सरकू दिले नाही. ज्याचे नाव आपल्याला माहीत नाही, तो माणूस भुकेला असताना कसा बोलतो, हेही आपल्याला सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केले. संस्कृत कोश उघडला आणि काळ, मृत्यू, दाढा, अंधार यांचे समास बांधत बसलो. त्यातून ‘कालदंष्ट्र’ हे नाव निघाले. ते कागदावर भारदस्त दिसले, परंतु पहिलाच संवाद लिहिताना लक्षात आले की भाताची लावणी करणारी बाई असे नाव कधीच उच्चारणार नाही. शिवाय अशा नावाने माणूस पहिल्याच पानावर दोषी ठरतो. ज्याचे नावच काळाची दाढ, त्याने दुसरे काय करायचे? त्याला निवड उरत नाही आणि ज्याला निवड नाही त्याच्या दुष्टपणाला वजनही नाही.

आपल्या महाकाव्यांतली नावे या दृष्टीने पुन्हा पाहिली, तेव्हा मी थक्क झालो, कारण लहानपणापासून ती नावे मी दुष्टपणाच्या पाट्यांसारखी वाचत आलो होतो आणि ती तशी नाहीतच. ‘दुर्योधन’ म्हणजे वाईट योद्धा नव्हे. ज्याच्याशी लढणे कठीण तो दुर्योधन, आणि हे तर कोणत्याही क्षत्रिय बापाने मुलाला हौसेने ठेवावे असे नाव आहे. दुःशासनाचेही तसेच, ज्याला कह्यात ठेवणे कठीण, तो दुःशासन. महाभारतात दुर्योधनाला ‘सुयोधन’ असेही म्हटलेले आहे. रामायणात तर याहून मोठे नवल आहे. रावणाच्या भावांपैकी जो धर्माच्या बाजूने उभा राहिला, त्याचे नाव विभीषण, म्हणजे भयंकर. नावावरून माणूस ओळखायचा झाला असता, तर रामाच्या छावणीत त्याला कोणी पाऊल टाकू दिले नसते. मुद्राराक्षस नाटकात ज्याच्या स्वामिनिष्ठेला तोड नाही आणि ज्याला आपल्या बाजूला वळवण्यासाठी चाणक्य सारी बुद्धी पणाला लावतो, त्या अमात्याचे नाव राक्षस आहे.

स्वतः रावणाची गोष्ट मला सर्वांत जास्त उपयोगी पडली. उत्तरकांडात तो आधी दशग्रीव आहे. कैलास उचलायला जातो, शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतात, हात खाली चिरडतात आणि तो असा आक्रोश करतो की तिन्ही लोक हादरतात. त्या आक्रोशावरून शंकरच त्याला ‘रावण’ हे नाव देतात. म्हणजे ज्या नावाने पुढे जग थरथरले, ते नाव त्याच्या स्वतःच्या वेदनेतून आलेले आहे. हे वाचल्यावर मी कोश मिटला. मला भीतिदायक शब्द शोधायचा नव्हता. त्या माणसाला हे नाव कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी दिले ते शोधायचे होते.

मधल्या काळात मी परक्या वळणाची नावेही करून पाहिली, ज्यांत झ, ग आणि थ यांचा भरणा असतो आणि अर्थ काहीच नसतो. ती विभक्तीपाशी अडली. ‘रामाने’ म्हणताना आपण नावाला सामान्यरूपात नेतो, पण ‘जॉनने’ म्हणताना नेत नाही. वाचकाला व्याकरण आठवत नसले, तरी त्याच्या कानाला हा फरक कळतो. ‘झार्गोथने’ लिहिले की तो माणूस बाहेरून आलेला ठरतो आणि ‘झार्गोथाने’ लिहिले की वाक्य लंगडते. माझा खलनायक बाहेरून आलेला नाही. तो इथलाच आहे, खालच्याच एका गावात जन्मलेला आहे आणि हाच तर कादंबरीचा गाभा आहे. मराठीत पात्राचे नाव पानोपानी ने, ला, चा, शी, हून असे प्रत्यय घेऊन वावरते, त्यामुळे नाव ठरवण्याआधी ते सगळ्या विभक्तींतून चालवून पाहावे आणि मग दरीच्या या काठावरून त्या काठावर हाक मारता येते का, तेही पाहावे. ज्या नावाने हाक मारता येत नाही, ते नाव कोणत्याही आईने ठेवलेले नसते.

आडनावाचा विचार मी लगेच सोडून दिला. आपल्याकडे आडनावाला गाव चिकटलेले असते, जात चिकटलेली असते आणि कल्पित देशातल्या क्रूरकर्म्याला खऱ्या लोकांचे आडनाव दिले, तर तो घाव त्या लोकांनाच बसतो. याच कारणासाठी ‘असुर’ हे पदही मी वापरले नाही. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटले आहे आणि तिथे तो शब्द सामर्थ्याचा आहे. झारखंडात आजही असुर नावाची आदिवासी जमात आहे. लोखंड गाळणे ही तिची जुनी विद्या आणि महिषासुराला ती आपला पूर्वज मानते. आपल्या बांधावरच्या म्हसोबाचाही संबंध इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी महिषासुराशी जोडला होता. दर दिवाळीत ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाने हा शब्द शिवीसारखा वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

नाव सापडले ते अखेर बारशाच्या विचारातून. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे पुढच्या मुलाला मुद्दाम हलके नाव ठेवत: दगडू, धोंडू, केरू, भिकू. दगडाकडे, केराकडे मृत्यू कशाला बघेल, अशी त्यामागची आशा. ही नावे पुढे फार मोठ्या माणसांनी मिरवली; महर्षी कर्वे धोंडोच होते. परंतु त्या नावामागच्या आईचा विचार मी करू लागलो, तेव्हा माझा खलनायक प्रथमच मला समोर दिसला. चार मुले पुरलेली बाई पाचव्याला जवळ घेऊन मृत्यूला फसवायला बसली आहे. तो मुलगा मोठा होतो, आपल्या नावाची गोष्ट ऐकतो आणि त्याला वाटू लागते की आईने मृत्यूला एकदा फसवले, तर आपण त्याला कायमचे फसवू शकू. त्याच्या सगळ्या क्रौर्याला पुरेल एवढे कारण त्या नावात होते.

त्याआधी काही दिवस खलनायक बाई असावी आणि तिचे नाव ‘नकोशी’ असावे, असाही विचार माझ्या मनात आला होता. मुलगी नको असताना झाली म्हणून ठेवलेले नाव आणि त्याचा तिने जगावर उगवलेला सूड, हे कथेला साजेसे होते. परंतु २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशा, नकोशी अशी नावे असलेल्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली होती, ती बातमी मला आठवली. त्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत, वाचत आहेत. त्यांनी मागे टाकलेले नाव मी एका खुनी बाईच्या कपाळावर लिहिणे मला शक्य नव्हते.

दगडू आणि धोंडू ही नावे जिवंत माणसांची आहेत, म्हणून मी त्याच रीतीचे, परंतु कुणी न ठेवलेले नाव शोधू लागलो. भूस, फोलपट, पाचोळा, तूस असे शब्द वहीत लिहून पाहिले. एका संध्याकाळी मामांच्या रक्षाविसर्जनाहून परत येताना गाडीत तो शब्द माझ्या तोंडी आला आणि मी त्यावर थबकलो. रक्षा म्हणजे रक्षण आणि रक्षा म्हणजे चितेची राख. मराठीत ‘राखणे’ आणि ‘राख’ एकमेकांना इतके बिलगून उभे आहेत की एक उच्चारताना दुसऱ्याचा भास होतो. उत्तरकांडात तर ज्यांनी ‘आम्ही रक्षण करू’ असे म्हटले, तेच राक्षस झाले. कोकणात गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीला राखणदार म्हणतात, त्याला दर वर्षी मान द्यावा लागतो आणि तो चुकला तर गाव घाबरते. हे सारे एका शब्दात आधीपासून साठलेले होते.

म्हणून त्याचे नाव राखोबा ठरले. आईने राख म्हणून ठेवले, कारण जे आधीच जळून गेले आहे ते मृत्यू पुन्हा नेत नाही. घाटमाथ्यावर त्याची सत्ता वाढली, तेव्हा त्याच्या माणसांनी त्या नावाचा अर्थ राखणारा असा लावला आणि विठोबा, खंडोबा यांच्यासारखा ‘बा’ त्यात ऐकू येऊ लागला. विभक्तीत नाव सुरेख चालते: राखोबाने, राखोबाला, राखोबाच्या वाटेवर. निवेदनात मी त्याला ‘तो’ म्हणतो, गडावरचे लोक ‘राखोबांनी सांगितले’ असे आदराने म्हणतात आणि ‘ने’ व ‘नी’ यांच्यातल्या या एवढ्याशा अंतरातून कोण कुणाच्या बाजूला आहे, हे कथेत वेगळे सांगावे लागत नाही. नायिकेचा भाऊ एका प्रकरणात नकळत ‘राखोबांना’ म्हणून जातो आणि ती त्याच्याकडे बघत राहते. हा प्रसंग मला या नावानेच सुचवला.

खलाटीतली गावे मात्र हे नाव घेत नाहीत. त्यासाठी मला नवी युक्ती शोधावी लागली नाही. आपण रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतो, देवीच्या रोगाला ‘देवी आल्या’ म्हणत होतो, बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणतो आणि घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. अशुभाचे नाव तोंडाने न घेण्याची ही सवय आपल्या बोलण्यात मुरलेली आहे. खालची माणसे राखोबाला नुसते ‘वरचे’ म्हणतात. ‘वरचे येऊन गेले’, ‘वरच्यांना कळेल’, असे ती हळू आवाजात बोलतात, आणि देवालाही आपण ‘वरचा’च म्हणतो, त्यामुळे एखादी म्हातारी ‘वरचा बघतो आहे’ म्हणते, तेव्हा ती धीर देते आहे की सावध करते आहे, हे नायिकेलाही बराच काळ कळत नाही.

फुल्या आता पुसल्या गेल्या आहेत आणि पहिले प्रकरण मी नव्याने लिहायला घेतले आहे. ते बारशापासून सुरू होते. पाळणा बांधलेला नाही, घुगऱ्या शिजवलेल्या नाहीत, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणायला बायका जमलेल्या नाहीत, कारण मृत्यूच्या कानावर काही जायला नको आहे. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करायचे, पण आत्यालाही बोलावलेले नाही. दार लावून घेतले आहे. आई चुलीतली चिमूटभर राख बाळाच्या कपाळाला लावते आणि त्याच्या कानाशी वाकून ते नाव इतक्या हळू सांगते की ते फक्त त्यालाच ऐकू जाते.