मोनॅडनॉकची एक पायरी

मीटिंग एक दिवस पुढे ढकलल्याचं मला शिकागोत पोचल्यावर, सकाळी नाश्त्याच्या टेबलावर कळलं. झोपेचा पार बोजवारा उडालेला. खोलीवर बसून आमच्या इमारतीच्या फाउंडेशनचे हिशेब पुन्हा एकदा तपासावेत, असा माझा बेत होता. साहेब म्हणाले, "अगं, स्ट्रक्चरल इंजिनिअर शिकागोत येऊन हॉटेलच्या खोलीत बसली, असं कुणाला सांगू नकोस." लाजेकाजेस्तव डाउनटाउनच्या पायी फेरीत नाव घातलं.

आम्ही बाराजण होतो. गाइड सत्तरीचे, उंच, किंचित पोक आलेले. पहिला थांबा लेक स्ट्रीटवर, डोक्यावरून लोकल ट्रेन जाते त्या लोखंडी रुळांच्या खाली. 1897 पासून या गाड्या डाउनटाउनला वेढा घालून फिरतात, म्हणून या भागाचं नावच 'लूप'. गाडी आली की खालच्या माणसाचं बोलणं संपलं. गाइड अशा वेळी एक बोट वर करून थांबायचे आणि गाडी गेली की वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच जोडायचे. एकदा तर क्रियापद तेवढं गाडीनंतर आलं.

तिथे त्यांनी सांगितलं ते मला आधी थाप वाटली. हे शहर तळ्याकाठच्या दलदलीत वसलं. जमीन इतकी सखल की सांडपाण्याला उतारच मिळेना. मग 1850 च्या दशकात गटारं जमिनीखाली न घालता जवळजवळ जमिनीवरच घातली, त्यांच्यावर भराव टाकून रस्ते उंच केले आणि मग इमारती उचलल्या. पाडल्या नाहीत, उचलल्या. 1860 मध्ये याच लेक स्ट्रीटवर क्लार्क आणि लासाल या रस्त्यांमधली दुकानांची सलग रांग 6,000 स्क्रू-जॅक, म्हणजे स्क्रू फिरवून भार उचलणारी यंत्रं, लावून, 600 माणसांनी पाच दिवसांत 4 फूट 8 इंच वर घेतली. दुकानं या काळात चालू होती. मी मनातल्या मनात लगेच जॅकवरचा भार काढायला लागले. सगळे एकाच वेळी, सारखेच फिरवायला हवेत, नाहीतर विटांच्या भिंतीला तडा ठरलेला. ताळमेळ कसा ठेवला असेल? विचारणार, तेवढ्यात गाडी आली.

लासाल स्ट्रीटवरून दक्षिणेला जाताना लोक माना वर करून फोटो काढत होते. ॲडम्सच्या कोपऱ्यावर गाइडनी एका इमारतीकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं. "समोर 1885 मध्ये होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी होती. दहा मजले, लोखंडी सांगाडा. जगातली पहिली गगनचुंबी इमारत, असं पुष्कळजण मानतात. वास्तुविशारद विल्यम जेनी यांची. 1931 मध्ये पाडली." कुणीतरी हळहळलं. "आता वळा." मागे रूकरी होती, 1888 ची. आत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी 1905 मध्ये नव्याने सजवलेलं काचेच्या छताचं दालन, पांढरं आणि सोनेरी. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण नावाची गोष्ट जास्त आवडली. त्या जागी पूर्वी नगरपालिकेची तात्पुरती कचेरी होती आणि तिथे पक्ष्यांचा सुळसुळाट. रूक म्हणजे कावळ्याच्या जातीचा पक्षी, आणि इंग्रजीत फसवणाऱ्यालाही रूक म्हणतात. नाव पक्ष्यांवरून पडलं की नगरसेवकांवरून, ते गाइडनी आमच्यावर सोडलं.

मग जॅक्सन बुलेव्हार्डवरून पूर्वेकडे, डिअरबॉर्नच्या कोपऱ्यावर. मोनॅडनॉक बिल्डिंग. काळपट तपकिरी, नक्षी नाही, खांब नाहीत. खालच्या बाजूला भिंत बाहेर फाकत गेलेली. फोटो कुणीच काढेना.

"इंजिनिअर कोण आहे?" गाइडनी विचारलं. एव्हाना त्यांनी मला ओळखलं होतंच. "या. ही भिंत किती जाड असेल?"

मी खिडकीच्या कोनाड्याकडे पाहून म्हटलं, "तीन फूट."

"तळाशी सहा."

1891 चं हे उत्तरेकडचं अर्धं अंग, बर्नहॅम आणि रूट यांचं. सोळा मजल्यांचं वजन बाहेर विटांच्या भिंतीच पेलतात. वर जितके मजले, खाली तितकी जाडी. दक्षिणेकडचं अर्धं दोनच वर्षांनी, 1893 मध्ये होलाबर्ड आणि रोश यांनी बांधलं, ते पोलादी सांगाड्यावर. गाइडनी मला भिंतीकडेने शेवटपर्यंत चालत जाऊन यायला सांगितलं. गेले. अर्ध्यावर खिडक्यांची खोली कमी झाली. पुस्तकात हा बदल एका ओळीत वाचला होता, इथे तो पावलांनी मोजता येत होता. सहा फूट भिंत म्हणजे तळमजल्याची किती जागा विटांनीच खाल्ली, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं. भाड्याने देता येणारी जागा! पोलाद का जिंकलं ते समजायला तेवढं पुरे.

परत आल्यावर ते म्हणाले, "आता दारातून आत जा."

आत पाऊल टाकलं आणि अडखळले. रस्त्यावरून आत शिरताना पायरी चढायची सवय, इथे उतरायची होती. गाइड हसले. ते याचीच वाट बघत होते, बहुतेक प्रत्येक फेरीत.

खाली मऊ चिकणमाती. इमारत आठेक इंच खचणार हे बांधणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. 1940 च्या दशकापर्यंत ती वीस इंच खचली होती. फूटपाथ होता तिथेच राहिला, इमारत खाली गेली, आणि दारात पायरी आली.

बाकीचे आत ॲल्युमिनियमचा जिना बघायला गेले. इमारतीत ॲल्युमिनियम वापरल्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी तो एक. मी दारातच उभी. ज्या कामासाठी आले होते त्या इमारतीखालीही मऊ चिकणमातीच होती. माझ्या अहवालात सेटलमेंटचा, म्हणजे इमारत किती खचेल त्याचा, आकडा होता, मर्यादेत होता, त्याच्यापुढे 'ठीक' असं मीच लिहिलं होतं. इमारत एकसारखी खाली गेली तर सांगाड्याला काही होत नाही, हे खरंच आहे. पण इमारतीत शिरणारे पाइप? ते बाहेरच्या जमिनीत पुरलेले. जमीन जागेवर राहणार, इमारत उतरणार, आणि सांडपाण्याचा पाइप नेमका भिंतीपाशी दोघांच्या ओढाताणीत सापडणार. उतार उलटा झाला तर पाणी आत येणार. माझ्या हिशेबात पाइप नव्हतेच. ते प्लंबिंगवाल्यांचं काम, असं मी धरून चालले होते. त्यांनी बहुधा उलटं धरलं असणार.

पुढे फेडरल प्लाझात शिल्पकार कॅल्डर यांचं 53 फुटी लाल 'फ्लेमिंगो' शिल्प बघितलं म्हणे. म्हणे, कारण मी त्याच्याखालीच उभी राहून वहीत आकृती काढत होते. फेरी संपल्यावर गाइडचे आभार मानले आणि जॅकचा राहिलेला प्रश्न विचारला. सगळे एका इशाऱ्यावर फिरवत असणार, असं ते म्हणाले. या वेळी गाडी आली नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिसऱ्या पानावर मी हात वर केला. साहेबांनी भुवया उंचावल्या, कारण अहवाल माझाच होता. "सेटलमेंटचा आकडा पाइपवाल्यांना कुणी दिलाय का?" असं विचारलं. प्लंबिंगचे सल्लागार म्हणाले, कसला आकडा? पुढचे दोन तास त्यातच गेले. शेवटी भिंतीपाशी लवचीक सांधे घ्यायचे, सुरुवातीचा उतार वाढवायचा आणि दारापुढचा रॅम्प इमारतीपासून सुटा ठेवायचा, असं ठरलं.

बाहेर पडताना साहेबांनी विचारलं, "काल फिरायला गेली होतीस ना? काय काय बघितलंस?"

"एक पायरी," मी म्हटलं. "उतरायची."