रिकामा चमचा

मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. समोर मोबाईल, त्यावर कार्टून आणि मी भरवतेय, हे रोजचंच. एकदा गप्पांच्या नादात माझ्याकडून रिकामाच चमचा तिच्या तोंडात गेला. तिनं दोनदा चावल्यासारखं केलं, गिळलं आणि पुन्हा ‘आ’ केला. नजर पडद्यावरून हललीसुद्धा नाही. मला आधी हसू आलं, मग पोटात गोळा.

तोवर मी कौतुकानं सांगायचे, ‘आमची वाटीभर संपवते हो!’ संपवत होते मी.

वजन-उंचीच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ती काय खाते हे सगळ्यात शेवटी विचारलं. आधी प्रश्न आले ते स्क्रीन किती, पळते किती आणि झोपते किती याचे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी याबद्दल सूचना काढल्या आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात स्क्रीन फार तर 1 तास, हालचाल किमान 180 मिनिटं आणि त्यातली 60 दम लागेल अशी, झोप 10 ते 13 तास. घरी येऊन मी एक दिवस वहीत टिपलं. स्क्रीन साडेतीन तास. हालचाल जिन्यासकट तासाभराच्या आत.

दुधाचंही निघालं. दिवसाला जवळजवळ लिटरभर प्यायची. डॉक्टर म्हणाल्या, ‘पोट दुधानंच भरतंय, आणि दुधात लोह फारसं नसतं. अर्ध्यावर आणा.’ जेवणाचा नियमही त्यांनीच दिला: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते तुम्ही ठरवा, खायचं की नाही आणि किती, ते तिला ठरवू द्या. ऐकायला सोपं होतं.

पहिल्या रात्री दोन घास खाऊन उठली. दुसऱ्या दिवशी ताट ढकललं, जमिनीवर लोळण घेतली. सासूबाई म्हणाल्या, ‘लेकराला उपाशी निजवणार आहेस का?’ माझंही मन डळमळलंच होतं, पण फोन दिला नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती घाबरून धावत आली. ‘आई, पोट आतून ओरडतंय!’ तिला भूक लागली होती आणि ती भूक आहे हेच तिला कळत नव्हतं. कळणार कसं? भूक लागायच्या आधी चमचा, पोट भरलं तरी चमचा, आणि लक्ष भलतीकडेच. त्या दुपारी ती स्वतःच्या हातानं जेवली. निम्मं अंगावर, निम्मं पोटात.

हालचालीचं त्या मानानं सोपं गेलं. 180 मिनिटं सलग लागत नाहीत. गाद्यांवरच्या उड्या, कपड्यांची टोपली ओढत नेणं, सगळं धरायचं. खरं अवघड गेलं ते आमचे दोघांचे फोन. जेवताना ते फ्रिजवर ठेवायचे ठरलं, तर पहिल्या आठवड्यात नवरा तीनदा ‘ऑफिसचं आहे’ म्हणत उठला. लेकीनंच त्याला टोकलं.

मध्ये ताप आला तेव्हा आठ दिवस मोबाईल परत ताटाशेजारी आला. मला वाटलं, गेली मेहनत. पण दुसऱ्यांदा सोडवायला दोनच दिवस लागले. कार्टून आम्ही बंद केलेलं नाही. संध्याकाळी खेळून आली की दोन भाग. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय तेवढी बंद केली. भांडण व्हायचं ते तिथेच. टायमरचा मात्र काही उपयोग झाला नाही. दहा मिनिटं म्हणजे किती, हे त्या वयाला कळत नाही. गोष्ट संपली, हे कळतं.

काल तीन घास खाऊन म्हणाली, ‘झालं माझं.’ ताट जवळजवळ भरलेलं. माझा हात फ्रिजकडे गेला होता. तो तसाच वळवून मी पाण्याची बाटली उचलली.