वही उलटी फिरवली तेव्हा

मी म्युझियममधे कागद दुरुस्तीचं काम करते, जुनी पत्रं, चित्रं, नकाशे काहीही आलं की आधी आमच्या टेबलावर येतं. त्या दिवशी एका चित्रकाराची वही आली होती, शंभरेक वर्षं जुनी, टाकाने लिहिलेली, नाव सांगत नाही. प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवायची होती आणि प्रश्न नेहमीचाच, उघडून ठेवायची कुठल्या पानावर? लिओनार्दो दा व्हिंचीच्या कोडेक्स लेस्टर या वहीचे 18 कागद सुटे केलेले आहेत म्हणून ते वेगवेगळे मांडता येतात, आमच्या वहीची शिवण मात्र धडधाकट, ती उसवणं शक्यच नाही, म्हणजे एका वेळी दोनच पानं दिसणार.

क्युरेटर मॅडमनी पान आधीच ठरवलेलं, एका हाताचं छोटंसं स्केच होतं त्यावर. बरोबरच आहे म्हणा, चित्रकाराची वही म्हटल्यावर लोक चित्रच शोधणार. मी पण हो म्हटलं आणि तपासणीला बसले. (हातमोजे का नाही घालत असं सगळे विचारतात. धुतलेले कोरडे हात बरे, सुती मोज्यात पानाची कडच कळत नाही आणि फाटतं ते तेव्हाच.)

शाई हिराकस (लोहाचा क्षार) आणि मायफळाची (झाडावरच्या गाठीची) होती. ही शाई लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी होते, वर्षं गेली की तपकिरी, आणि आम्ल असल्यामुळे हळूहळू कागदच खाते. एका पानावर पत्राचा कच्चा खर्डा होता, मधल्या दीड ओळी इतक्या जोरात खोडलेल्या की तिथे कागदाला बारीक चिरा गेलेल्या. मी रिपोर्टमधे लिहिलं, शाईने कागद तडकलाय, समोरच्या पानावर डाग. पुढचं पान.

मग फोटोग्राफर आला. वही पाळण्यावर, म्हणजे अर्धवट उघडी वही पेलणाऱ्या आधारावर ठेवली, शंभर अंशांच्या पुढे उघडायची नव्हती, आणि त्याला बाजूने तिरका लाइट हवा होता पण तारेची लांबी पुरेना, म्हणून त्याने पाळणाच फिरवला. माझ्या बाजूने सगळं उलटं. आता वाचता येईना आणि खरं सांगू, वाचता येत नव्हतं म्हणूनच दिसायला लागलं. दर सात-आठ शब्दांनी शाई गडद, मग फिकी होत जाते, परत गडद, टाक दौतीत बुडवल्याचा हिशोबच तो. त्या दीड ओळींत मात्र बुडवलाच नाहीये. अक्षरं वाळत वाळत गेलीयेत, शेवटी निबच्या दोन टोकांच्या दोन कोरड्या रेघा तेवढ्या उरल्यात, तरी हात थांबलेला नाही. आणि मग भरपूर शाई घेऊन तेच सगळं खोडलंय, टिपकागद न लावता वही मिटली. समोरच्या पानावरचा माझा तो ‘डाग’ म्हणजे त्या खोडाखोडीचीच आरशातली आकृती, डावीकडे काळी, उजवीकडे करडी.

मी मॅडमना बोलावलं, म्हटलं हेच पान ठेवूया. त्यांचा पहिला प्रश्न, खाली लिहिलंय काय? अल्ट्राव्हायोलेटखाली बघितलं. त्यात ही शाई आणखी काळी दिसते, पुसट मजकूर वाचायला उपयोग होतो, पण इथे वर आणि खाली एकच शाई, काय वेगळं होणार! कप्पाळ. मला आतून बरंच वाटलं, ते बोलले नाही. मी टागोरांचं उदाहरण दिलं, 1924 च्या ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांना जोडत जोडत त्यांनी आकृत्या केल्या, आणि पुढे 1930 मधे पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. मॅडम म्हणाल्या, "अहो पण टागोरांनी ते मुद्दाम केलं होतं, ह्यांनी नुसतं खोडलंय." ह्यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

शेवटी तोडगा निघाला, पहिले तीन महिने खोडलेलं पान, नंतर स्केच. प्रकाश मंदच, 50 लक्स (उजेड मोजायचं एकक), त्याच्या वर नाही. शेजारी मजकुराची छापील प्रत लावू नका असं मी सांगितलं होतं, लोक तेच वाचत उभे राहतात, पण ती लागलीच, छोट्या अक्षरात. रिपोर्टमधला ‘डाग’ हा शब्द मी तसाच ठेवलाय, नियमाप्रमाणे तो डागच आहे.