तुम्ही विचारलंत म्हणून: चार मॉनिटरसाठी मदरबोर्ड कोणता घ्यावा?

शेअर बाजारात काम करणारे, घरून हिशेब सांभाळणारे, व्हिडिओ एडिटिंग करणारे असे सगळेच हा प्रश्न विचारतात: ‘घरच्या कॉम्प्युटरला तीन-चार मॉनिटर लावायचेत, मदरबोर्ड कोणता घेऊ?’ उत्तरात त्यांना मॉडेलचं नाव हवं असतं. पण मॉडेलं बाजारातून भराभर बदलतात, आणि त्याच नावाच्या शेवटचं एक अक्षर वेगळं असलं की मागचे पोर्टही वेगळे निघतात. बोर्डाकडे कसं बघायचं हे कळलं, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात उभं राहूनही पाच मिनिटांत निवड करता येते.

मुळात चित्र मदरबोर्ड तयार करत नाही. ते प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तयार करतं, नाहीतर वेगळं लावलेलं ग्राफिक्स कार्ड. बोर्डाच्या मागचे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट प्रोसेसरमधलं चित्र फक्त बाहेर काढून देतात. म्हणून बोर्डाआधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही आणि बोर्डावरचा एकही व्हिडिओ पोर्ट चालणार नाही. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० आणि ५६००एक्समध्येही ग्राफिक्स नाही, ५६००जीमध्ये आहे. एएम५ सॉकेटच्या (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती खाच) रायझेन ५ ७६००मध्ये आहे, ७५००एफमध्ये नाही. ‘एफ घ्या, कार्ड तर लावणारच आहात’ असं दुकानदार सांगतो आणि त्यात थोडे पैसे वाचतात हे खरं. तरीही अनेक मॉनिटर लावायचे असतील तर एफ घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कार्ड बिघडलं त्या दिवशी एकही स्क्रीन लागत नाही, आणि पुढे पाचवा मॉनिटर जोडावासा वाटला तर बोर्डाचे पोर्ट मदतीला येत नाहीत.

आता मोजणी. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंत प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एका वेळी तीन मॉनिटर चालवतं. बाराव्या ते चौदाव्या पिढीतलं यूएचडी ७३० आणि ७७० चार चालवतं. रायझेन ७००० मालिकेतलंही चार. मात्र इंटेलकडे चिपसेटही (बोर्डावरची मुख्य चिप, जिचं नाव बोर्डाच्या नावात असतं) आडवा येतो: एच६१० तीनच मॉनिटर देतो, बी६६० आणि बी७६० चार देतात. शिवाय एच६१०च्या स्वस्त बोर्डांवर मागे बहुतेक वेळा एक एचडीएमआय आणि एक जुन्या पद्धतीचा व्हीजीए एवढंच असतं. म्हणून कार्ड न लावता तीन मॉनिटर चालवायचे असतील तर बी६६० किंवा बी७६०चा असा बोर्ड शोधा ज्याच्या मागे किमान तीन डिजिटल पोर्ट आहेत, म्हणजे दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट किंवा याच्या उलट. खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नका. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या बोर्डाचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि एकाच वेळी जास्तीत जास्त किती मॉनिटर चालतात ती ओळ वाचा.

पोर्ट आहे एवढ्यानं भागत नाही, त्याची आवृत्तीही बघावी लागते. एचडीएमआय १.४ असेल तर ४के मॉनिटर ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रांवर, अडकतो. चित्र दिसतं, पण माउसचा बाण सरकताना टप्प्याटप्प्यानं उड्या मारतो, पान वर-खाली केलं की अक्षरं मागे रेंगाळतात आणि तासाभरात डोळे शिणतात. बिघाड मॉनिटरचा आहे असं समजून लोक मॉनिटर बदलून आणतात. ४केला ६० हर्ट्झ हवे असतील तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ आणि त्यापुढचा लागतो. १०८० रिझोल्यूशनच्या साध्या २४ इंची मॉनिटरला मात्र १.४ पुरेसा आहे, तिथे उगाच जास्त खर्च करू नका. व्हीजीए शक्यतो सोडून द्या. तो अ‍ॅनालॉग असल्यानं दिवसभर आकडे वाचणाऱ्याला अक्षरांच्या कडा धूसर दिसतात.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते कन्व्हर्टरवर. बोर्डावर डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी केबल चालते, कारण बोर्डांवरचे बहुतेक डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयचा सिग्नलही देऊ शकतात. उलट्या दिशेनं ती केबल चालत नाही. बोर्डावर एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल, तर यूएसबीवरून वीज घेणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो. ‘नो सिग्नल’ची निम्मी रडगाणी इथली असतात. एचडीएमआय स्प्लिटर घेऊन एकाचे दोन स्क्रीन करू बघणारेही बरेच. स्प्लिटर तेच चित्र दोनदा दाखवतो, डेस्कटॉप वाढवत नाही. वाढवायचाच असेल तर डिस्प्लेपोर्टवर एमएसटी हब (एका पोर्टमधून वेगवेगळे स्क्रीन काढणारी डबी) लावता येतो. डिस्प्लेपोर्ट १.२च्या एका पोर्टमधून १०८०चे चार मॉनिटर ६० हर्ट्झवर निघतात, फक्त प्रोसेसरची किंवा कार्डची एकूण मर्यादा तशीच राहते. बोर्डावरचा टाइप-सी पोर्ट बघून हुरळून जाऊ नका. डेस्कटॉप बोर्डांवर त्यातून बहुतेकदा चित्र बाहेर येत नाही. येत असेल तर मॅन्युअलमध्ये त्या पोर्टसमोर डिस्प्लेपोर्टचा उल्लेख असतो.

कार्ड लावायचं असेल तर बोर्डाचे स्लॉट महत्त्वाचे ठरतात. घरगुती जीफोर्स कार्डं जास्तीत जास्त चार मॉनिटर चालवतात, पण जीटी १०३०सारखं स्वस्त कार्ड दोनच. गेम खेळायचे नसतील, फक्त चार्ट, एक्सेल आणि ब्राउझर चालवायचं असेल, तर एनव्हिडियाची टी६०० किंवा टी१००० ही कार्डं माझ्या मते उत्तम. चार मिनी डिस्प्लेपोर्ट, एकाच स्लॉटची जाडी, वेगळी पॉवर केबल नको, आणि वीज अनुक्रमे ४० आणि ५० वॉट. टी४००ला मात्र तीनच पोर्ट आहेत. मिनी डिस्प्लेपोर्टच्या केबल किंवा अ‍ॅडॉप्टर कार्डासोबत येतात का, ते घेतानाच विचारा.

पाच-सहा मॉनिटरसाठी दोन कार्डं लावणार असाल तर दुसरा लांब स्लॉट नीट तपासा. दिसायला तो पहिल्यासारखाच एक्स१६, म्हणजे सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट), असतो, पण बहुतेक बी मालिकेच्या बोर्डांवर त्यात चारच लेन जोडलेल्या असतात. टॉर्च मारून स्लॉटमध्ये बघा: पितळी पिना शेवटपर्यंत आहेत की सुरुवातीच्या थोड्याच लांबीत, ते लगेच कळतं. चार्ट दाखवायला चार लेन पुरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खरी अडचण दोन ठिकाणी येते. काही बोर्डांवर हा स्लॉट आणि एसएसडी बसवायचा एखादा एम.२ स्लॉट त्याच लेन वाटून घेतात, त्यामुळे एसएसडी लावली की स्लॉट बंद पडतो. हे मॅन्युअलमध्ये तळटीपेत लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे जागा. अडीच स्लॉट जाडीचं कार्ड खालचा स्लॉट झाकून टाकतं. मायक्रो एटीएक्स, म्हणजे आखूड आकाराचा बोर्ड घेताना दोन्ही स्लॉटमधलं अंतर कार्डाच्या जाडीशी ताडून बघा. त्याहून छोट्या मिनी आयटीएक्सला स्लॉट एकच असतो, तो विचार इथे सोडूनच द्या.

कार्ड आणि बोर्ड दोन्हींचे पोर्ट एकत्र वापरायचे असतील तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक सेटिंग करावं लागतं. कार्ड बसवलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात आणि मागच्या पोर्टला लावलेला मॉनिटर काळा पडतो. आसुसच्या बोर्डावर ‘सिस्टिम एजंट कॉन्फिगरेशन’मध्ये, ‘ग्राफिक्स कॉन्फिगरेशन’खाली ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ सुरू करा. एमएसआयवर त्याला ‘आयजीडी मल्टी-मॉनिटर’ म्हणतात, गिगाबाइटवर ‘इंटर्नल ग्राफिक्स’. त्यानंतर विंडोजमध्ये दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाका. सुरू होतानाचा स्क्रीन कुठे दिसावा हेही बायोसमध्येच ठरतं. तो बोर्डाच्या पोर्टवर ठेवला आणि मुख्य मॉनिटर कार्डाला असला, तर विंडोज येईपर्यंत समोर अंधार राहतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कार्ड नसेल तर ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ८-८च्या दोन लावा. बोर्डाच्या नावात ‘डी४’ असेल तर रॅम डीडीआर४, डीडीआर५ त्यात बसणार नाही. एच६१० किंवा बी६६०च्या जुन्या साठ्यातल्या बोर्डावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावायचा असेल तर दुकानातच बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर घरी आणल्यावर बोर्ड सुरूच होत नाही. २४ इंची मॉनिटर साधारण २० ते २५ वॉट घेतो, म्हणजे चार मॉनिटरचे शंभरेक. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॉटचा असतो. गेमिंग कार्ड नसेल तर तो भार पेलतो, पण वीज गेल्यावर काही मिनिटांत काम जतन करून बंद करावं लागतं.

जोडणी झाली की केबल बांधायच्या आधी प्रत्येक पोर्ट तपासा. एकच चांगला मॉनिटर आळीपाळीनं सगळ्या पोर्टांना लावा आणि विंडोजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिझोल्यूशन आणि हर्ट्झ बघा. मग सगळे मॉनिटर एकत्र लावून तासभर चालवा. एखादा पोर्ट एकटा चालतो आणि चारही लावले की विझतो, असं झालं तर आधी केबल बदला, मग बायोस अपडेट करा. तरीही तसंच राहिलं तर दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत बोर्ड परत घेऊन जा.